वानखडे काकूंचे प्लॅन

विकास नगरच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की अजूनही कुणी ना कुणी मला अडवतंच. "दीदी, वो मराठी आंटी कब लौटेंगी?" मी "पता नहीं" म्हणते आणि घाईघाईने दुधीचा भाव विचारायला लागते. खरं तर मला पक्कं ठाऊक आहे की त्या परत येणार नाहीत. पण ते बोलून भर बाजारात डोळे पुसत उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

वानखडे काकू म्हणजे आमच्या शेजारीण. मी नोकरीपायी लखनौत आले आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर भाड्याने घेतलं. पहिल्याच संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावरून एक गोल, घामेजलेला चेहरा वर आला. "मराठी बोलून राहिले होते ना तुम्ही आत्ता? नवऱ्यावर ओरडून राहिले होते. ऐकून बरं वाटलं बाप्पा." मी लाजले आणि त्या हसत सुटल्या. त्या अमरावतीच्या. लग्न झाल्यापासून रेल्वेच्या नोकरीमागे गोरखपूर, झाँसी, लखनौ असं फिरत राहिल्या, पण बोलण्यातली अमरावती काही सुटली नाही. दूधवाल्याशी हिंदीत भांडताना मध्येच "काहून रे?" म्हणायच्या आणि त्यालाही ते कळायचं.

वानखडे काका रेल्वेत इंजिनिअर होते. निवृत्त होताना त्यांनी हे घर घेतलं आणि वर्षाच्या आत गेले. मोटार घ्यायची म्हणून गॅरेजसुद्धा बांधून घेतलं होतं. मोटार काही आली नाही.

त्या घराबद्दल काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "वैशाली, सगळा जन्म क्वार्टरात गेला. भिंतीत खिळा ठोकायचा तरी यांची परवानगी, त्यांचा अर्ज. जरा जीव रमला की बदलीची ऑर्डर. हे पहिलं घर आहे जिथं मी पाहिजे तिथं खिळा ठोकू शकते." आणि त्यांनी ठोकलेही होते. एकेका भिंतीवर इतके खिळे, की अर्ध्याअधिकांवर काहीच टांगलेलं नसायचं.

काका गेल्यावर मुलगा आला, निखिल. तो पुण्यात कंपनीत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईने एकटीने इथे राहायचं नाही, घर विकायचं आणि पुण्याला यायचं. काकूंनी तेरावं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "मी दुकान काढते. गॅरेज आहे, हात आहेत. एक वर्ष दे. चाललं तर मी इथंच राहीन, नाही चाललं तर तू म्हणशील तिथं येईन. मग घराचं नाव काढणार नाही." निखिलने आईकडे असं पाहिलं, जसं काही तिने हिमालयात जायची परवानगी मागितली होती. पण शब्द दिला. माझ्यासमोरच दिला म्हणून सांगते.

साठीला टेकलेल्या बाईने आयुष्यात कधी दुकान चालवलं नव्हतं. त्याची त्यांना लाजही नव्हती. उलट जो भेटेल त्याला त्या आधी तेच सांगायच्या. "भैया, मैं धंधे में नई हूँ, आप बताइए." झालं! लखनौच्या माणसाला सल्ला मागणं म्हणजे पतंगाला मांजा देणं. भाजीवाला, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळे गॅरेजमध्ये स्टूल ओढून बसायचे आणि चहा पीत पीत काकूंना धंदा शिकवायचे. काकू प्रत्येकाचं अगदी मन लावून ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं करून बघायच्या. दाराशी एक फळा होता, त्यावर खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असायचे. मी ऑफिसातून येताना बघावं तर काकू पदराने फळा पुसत असायच्या. "प्लॅन बदलला बाप्पा!" हे त्या इतक्या आनंदाने सांगायच्या, की जणू पहिला प्लॅन पडणं हाही प्लॅनचाच भाग होता.

पहिला प्लॅन आपल्या मराठी माणसांनी बुडवला. काकूंचा हिशेब असा, की लखनौत एवढी मराठी घरं आहेत, बँकांतली, रेल्वेतली, सगळी घरच्या चवीसाठी तडफडतायत. पुरणपोळी आणि पुडाची वडी ठेवली की रांग लागेल. रांग लागलीसुद्धा. पण ती गॅरेजपाशी लागली नाही, दिवाणखान्यात लागली. माणसं यायची, काकूंना वाकून नमस्कार करायची, "काकू, तुमच्या हातची चव!" म्हणून डोळे मिटायची, आणि काकू म्हणायच्या, "आणखी एक घे ना, कशी लाजून राहिली!" ज्याने वाकून नमस्कार केला त्याच्यापुढे बिल ठेवायचं कसं? त्यांच्याने ते झालंच नाही. मी एकदा चिडून म्हणाले, "काकू, हे दुकान आहे की हळदीकुंकू?" त्या ओशाळल्या. "मला समजते ग. पण तो पोट्टा यवतमाळचा निघाला." बोला आता!

तेव्हा प्लॅन बदलला. मराठी माणसाला घरात चहा, दुकान लखनौवाल्यांसाठी. पुडाची वडी लोकांना आवडली, पण सगळ्यांचा एकच प्रश्न, "आंटी, इसमें आलू नहीं है?" कोथिंबिरीने गच्च भरलेल्या वडीचा हा अपमान काकूंनी थोडे दिवस सोसला आणि मग बटाटा घातला. एक गृहस्थ पुरणपोळीला 'मीठा पराठा' म्हणाले आणि सोबत आलूची भाजी आणि लोणचं मागून घेऊन खाल्लं. मी काकूंच्या शेजारी उभी होते. गिऱ्हाईक पहिला घास घेई तेव्हा कमरेवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्यांची सवयच होती. त्या गृहस्थांनी पोळीच्या तुकड्यात बटाटा पकडला, वर लोणचं लावलं, आणि काकूंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता रडतात. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, 'मीठा पराठा, आलू सब्जी, अचार'. "त्याला गोड लागून राहिलं ना?" त्या म्हणाल्या. "मग मी कोण अडवणार?" रात्री आमच्याकडे येऊन मात्र त्यांनी तीच पोळी दुधात कुस्करून खाल्ली, अगदी हळूहळू.

गॅसवाल्याने मोमो करायला सांगितले तो किस्सा तर आमच्या मुक्ताला आजही हसवतो. मुक्ता माझी मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. काकूंनी मोमो कधी खाल्ले नव्हते. मुक्ताने मोबाइलवर दाखवले. काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि ओरडल्या, "हे तर आपले दिंड! नागपंचमीचे!" आणि पुरण भरून, वाफवून, वर तूप सोडून टोपलीभर दिंड तयार केले. फळ्यावर 'मीठे मोमो'. कॉलेजातल्या मुली आल्या, त्यांनी लाल चटणी मागितली. काकूंनी कपाळाला हात लावला. मुक्ता म्हणाली, "दादी, आपका आइडिया गलत नहीं है, बस टाइम से पहले है." काकूंना ते इतकं पटलं की त्या कितीतरी दिवस सगळ्यांना तेच सांगत होत्या.

हे सगळं हसत हसत चाललं होतं. पण नवरात्रात जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

नवरात्रात इथे घरोघरी नऊ दिवसांचे कडक उपवास असतात. समोरच्या श्रीवास्तव भाभींनी सुचवलं, "आंटी, आप व्रत का खाना रखिए, नौकरी वाली बहुएँ दुआ देंगी." काकू खुलल्या. उपवासाचं म्हणजे तर त्यांचं हक्काचं राज्य! साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाट्याची भाजी. आमच्या गल्लीतूनच नाही, इंदिरा नगरातूनसुद्धा डबे सांगितले गेले. पहाटे अंघोळ करून, सोवळ्यानेच म्हणा ना, त्या रांधायच्या. पहिल्यांदाच फळा पुसावा लागत नव्हता.

आणि मग एका सकाळी श्रीवास्तव भाभी डबा घ्यायला आल्या त्या थेट आत आल्या. काकू भाजीत मीठ घालत होत्या. भाभींनी पुडा बघितला आणि जागच्या जागी थबकल्या. "आंटी, यह कौन सा नमक है?"

"घर का है, साधा," काकू म्हणाल्या.

भाभींचा चेहरा उतरला. आपल्याकडे उपवासाला साधं मीठ चालतं, त्यात वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. इथे सेंधा नमकच, म्हणजे सैंधवच लागतं. साध्या मिठाचा कण पोटात गेला की व्रत मोडलं. आणि काकूंनी पहिल्या माळेपासून तेवढ्या घरांना साध्या मिठाचं खाऊ घातलं होतं. भाभींनी स्वतःही तेच खाल्लं होतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या.

मी शेजारी डबे भरत होते. म्हणाले, "काकू, कुणाला कळलेलं नाही. आजपासून बदला, झालं." मला आजही त्यात फारसं चूक वाटत नाही. पण काकूंनी मिठाचा पुडा उचलून माझ्यापुढे ठेवला. "त्यांच्या देवाशी त्यांनी जे बोललं, ते मी मोडलं. माहीत नसताना मोडलं, पण मोडलं. आता माहीत आहे, तर सांगितल्याशिवाय कशी राहू?"

माझ्या स्कूटीवर मागे बसून त्या घराघरांत गेल्या. प्रत्येक दारात हात जोडून एकच वाक्य. "मुझसे बड़ी भूल हो गई. हमारे उधर यही नमक चलता है, मैंने पूछा नहीं." बहुतेक बायका भल्या होत्या. "अनजाने में हुआ है आंटी, मैया सब जानती हैं." एक तरुण मुलगी तर काकूंना मिठी मारून रडली. पण इंदिरा नगरातल्या एका घरी सत्तरी पार केलेल्या अम्मा जी होत्या. आजारी नातवासाठी त्यांनी व्रत बोललेलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काकूंकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. रागाने आपटलं नाही, अगदी हळू लावलं. त्या बंद दारासमोर काकू किती तरी वेळ उभ्या होत्या. परतीच्या वाटेवर त्या माझ्या पाठीला डोकं टेकून रडत होत्या. मला ओलं लागत होतं, पण मी वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, दुकान संपलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर गॅरेज उघडं. काकूंनी सगळी भांडी घासून पालथी घातली होती आणि श्रीवास्तव भाभींना खुर्चीवर बसवून स्वतः खाली पाटावर बसल्या होत्या. "बताइए भाभी. क्या चलता है, क्या नहीं, शुरू से बताइए." तेव्हापासून त्यांनी नियमच केला. इथल्या कुठल्याही सणाचं काही करायचं तर आधी इथल्या बाईला विचारायचं, मग चूल पेटवायची. अष्टमीला अम्मा जींकडून निरोप आला. कन्यापूजनाची पूरी, चना आणि हलवा काकूंनीच करावा. नातू बरा होता. काकूंनी तो हलवा ढवळताना देवाचं नाव घेतलं की अम्मा जींचं, ते मला ऐकू आलं नाही.

मग दुकानाने जो जीव धरला तो धरलाच. होळीच्या गुजिया झाल्या, सकाळची पूरी-सब्जी झाली, म्हाताऱ्या माणसांचे डबे झाले. हाताखाली दोन बायका आल्या. उन्हाळ्यात मलिहाबादची दशहरी यायला लागली तशी फळ्यावर 'आमरस-पूरी' आली आणि ती मात्र जशीच्या तशी आपली, अमरावतीची, वर तुपाची धार सोडलेली. दशहरी चोखून खाणारे लोक वाटीभर रस घेऊन गॅरेजसमोर उभे राहायचे. काकू कमरेवर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत असायच्या. निखिलने दिलेलं वर्ष संपत आलं होतं. तो बघायला येणार म्हणून त्यांनी शटरला निळा रंग लावून घेतला होता. मी म्हटलं, "काकू, जिंकलात तुम्ही." त्या एवढ्या खूश झाल्या की मला बसवून वाटीवर वाटी रस पाजला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी त्यांच्याकडे गेले तर शटर अर्धं खाली होतं. काकू आंबे पिळत बसल्या होत्या, पण कुणासाठी ते कळेना. फळा कोरा होता.

"दुकान बंद करून राहिली मी," त्या म्हणाल्या. "निखिलला सांगितलं, नाही चालत म्हणून. घर विकायला काढ म्हटलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. निखिलची बायको घर सोडून गेली होती, कायमची. लेकीला, लहानग्या पिहूला, तो एकटा सांभाळत होता आणि नोकरीही करत होता. आईला त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. फोनवर पिहूनेच सांगितलं. पप्पा रोज मॅगी करतात, आणि रात्री बाथरूमचा नळ सोडून रडतात.

"मग जा ना तुम्ही!" मी म्हणाले. "पण दुकान चालत नाही असं खोटं काहून सांगायचं?" त्यांच्यासोबत राहून माझ्याही तोंडात 'काहून' आलं होतं.

त्यांनी हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. "परवा मी त्याला म्हटलं, येऊन राहू का थोडे दिवस? तर म्हणे, नाही आई, तुझं दुकान चालत असेल तर तू तिथंच राहा, मी मस्त आहे. तो बापावर गेला वैशाली. त्याला कुणाची मदत घेता येत नाही, मदत करता तेवढी येते. मी जिंकली म्हणून सांगितलं तर तो मला कधीच नेणार नाही. आई हरली, आईला आता कुणी नाही म्हटलं, तर धावत येईल." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आणि 'आईला मी सांभाळून राहिलो' असं वाटून तो उभा राहील ग. तेवढं त्याला पाहिजे."

"आणि हे घर?"

त्या भिंतींकडे बघत राहिल्या. "घराचं मला वाईट वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. "खूप वाईट वाटून राहिलं." त्यानंतर त्यांनी आंब्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

निखिल आला तोवर दुकानाची एकही खूण उरलेली नव्हती. दोघी बायकांना श्रीवास्तव भाभींकडे कामाला लावलं होतं. तो किती वाळला होता! डोळ्यांखाली काळं, खांदे पडलेले. सामान भरून होत आलं आणि नेमक्या श्रीवास्तव भाभी डोळे पुसत आत आल्या. "आंटी, आपके जाने से तो पूरा मोहल्ला..." काकू एकदम मोठ्याने म्हणाल्या, "भाभी, चाय पीजिए!" मी भाभींना दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं आणि कानात सगळं सांगितलं. त्या बाई मोठ्या मनाच्या. तोंडावर पदर दाबून तिथेच उभ्या राहिल्या, मग आत येऊन काकूंच्या पाया पडल्या आणि एक शब्द न बोलता गेल्या. निखिलने विचारलं, "ये कौन थीं?" काकू म्हणाल्या, "शेजारीण आहे. चांगली आहे."

टॅक्सी दाराशी आली. निखिलने सगळ्या खोल्यांना कुलपं लावली, आईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "थँक यू ताई, तुम्ही आईला खूप सांभाळलंत. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं ना, इस उमर में ये धंदा-बिंदा नाही झेपत. पण तिला वाईट वाटेल असं मी काही बोलणार नाही." मी माणूस म्हणून तापट आहे. एरवी त्याला तिथल्या तिथे चार शब्द ऐकवले असते. टॅक्सीत बसलेल्या काकू काचेतून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हो रे बाबा. झेपलं नाही त्यांना."

तो मागच्या सीटवर आईशेजारी बसला. "आई, आता कसली काळजी करायची नाही. मी आहे ना," तो म्हणाला आणि त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. काकूंनी डोकं खाली घातलं, अगदी हरलेल्या माणसासारखं. "हव रे," त्या म्हणाल्या. "मला नाही जमलं बाप्पा. तू होता म्हणून." ते ऐकून निखिल जरासा ताठ बसला. टॅक्सी वळणापर्यंत गेली तोवर मी बघत होते. काकूंनी एकदाही मागे घराकडे पाहिलं नाही. त्या मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या.